पाठमोरी घरं

समुद्रकाठी कायमचं राहायला जावं, हा विचार समुद्रकाठी कधीच सुचत नाही. तिथे असताना माणूस राहतच असतो. विचार कशाला करील? तो सुचतो परतीच्या वाटेवर, माणगावात. दापोली सोडली, मंडणगड मागे टाकलं, आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडली की रविवारच्या संध्याकाळी अर्ध्या कोकणातून घराकडे निघालेल्या गाड्या माणगावच्या बाजारपेठेत येऊन थबकतात. पुढे मुंबईच्या नंबरप्लेटी, मागे पुण्याच्या, मधून वाट काढत शेंगदाण्याच्या पुड्या विकणारा पोरगा. पायाच्या बोटांच्या बेचक्यात अजून वाळू असते, डिकीत कोकमाच्या बाटल्या एकमेकींना धक्के देत असतात. अशा वेळी नवरा स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोरच्या ट्रकच्या पाठीवरचा मजकूर चौथ्यांदा वाचत म्हणतो, "आपण मुरूडलाच राहायला जाऊ या का गं?" मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. आमच्या घरातला हा प्रश्नही साधारण तेव्हाचाच. दोन्ही कामं मधूनमधून जोरात चालतात, दोन्हींवर बराच खर्च झालेला आहे, आणि दोन्हींत वळणरस्ते इतके की मूळ रस्ता कुठे जात होता हे आता कुणाला सांगता येणार नाही.

मुरूड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या शेजारचं. आमचं हे दुसरं. फोनच्या नकाशात नुसतं 'मुरूड' घालून निघालेले आमचे एक स्नेही एकदा सरळ जंजिऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि तिथून आम्हांला फोन करून घराच्या खुणा विचारू लागले. घोटाळा कळल्यावर ते जरासुद्धा खट्टू झाले नाहीत. तिथेच उतरले, पाण्यातला किल्ला पाहिला, मोदक खाल्ले आणि परस्पर घरी गेले. आमच्याकडेही समुद्र होता, पाण्यात सुवर्णदुर्ग होता आणि ताटात मोदकच होते, तेव्हा बिघडलं काय, असं त्यांचं म्हणणं. सुट्टीवर आलेल्याचं खरंच काही बिघडत नाही. एक मुरूड दुसऱ्याच्या जागी बेमालूम चालतं. राहायला जायचं म्हटलं की मात्र गावाला हळूहळू स्वतःचा चेहरा फुटायला लागतो, आणि त्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसतं ते कुतूहल. हे लोक इकडे कशाला येताहेत?

कुतूहल रास्तच आहे. ह्या किनाऱ्याचा सगळा इतिहास निघून जाणाऱ्यांचा आहे. मुरूडचं नाव महाराष्ट्राला ठाऊक झालं ते धोंडो केशव कर्व्यांमुळे. 1875 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेले. शंभरावर मैल, वाटेत आडवा सह्याद्री. तिथल्या साहेब लोकांनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि पोरगा फारच लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. एखादा खचला असता आणि मागच्या वाडीत नारळ मोजत बसला असता. कर्वे पुन्हा बाहेर पडले ते मुंबईला, तिथून पुण्याला, आणि 104 वर्षं जगून पुण्यातच विसावले. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ घाट चढून गेले आणि 1713 मध्ये पेशवे झाले. नाना फडणवीसांचं घराणं पलीकडच्या वेळासचं, टिळकांचं इथल्याच चिखलगावचं. माझ्या नवऱ्याच्या पणजोबांनी ह्यांच्यातलं काहीच केलं नाही, पण घाट तेवढा तेही चढले. पाठीवर पडशी, पडशीत पोहे आणि मनात एखाद्या कचेरीतली कारकुनी. त्यांचा पणतू आता तोच घाट वातानुकूलित गाडीतून उतरतो, अर्ध्या वाटेत चहाला थांबतो, दरीचे फोटो काढतो आणि म्हणतो, "मुळात आपण इथलेच." पणजोबांच्या पायांचा सगळा खटाटोप ह्या एका वाक्यात पुसला जातो.

आम्ही उतरतो ते घर गावाच्या मुख्य रस्त्यावर, पश्चिमेच्या ओळीत आहे. जांभ्याचा गडगा, बेडं ओलांडलं की अंगण, अंगणात मे महिन्यात वाळत घातलेली आमसुलं, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. मागच्या दाराला लागून वाडी सुरू होते ती थेट पुळणीपर्यंत. घराचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. शेजारचं घर तसंच, त्याच्या पलीकडचंही तसंच. पहिल्यांदा आलो तेव्हा मला ही मोठीच गैरसोय वाटली होती. दोनशे पावलांवर अरबी समुद्र आणि ह्या लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवून, समोरच्या घरी कोण आलं-गेलं हे बघायला ओटीवर झोपाळे टांगलेत! काकूंना, म्हणजे घराच्या मालकीणबाईंना, मी तसं विचारलंही होतं. त्या माझ्याकडे, मी समुद्राला अंगणात बोलावून पाट मांडायला सांगितल्यासारख्या पाहायला लागल्या. "खारा वारा कुणी घरात घेतं का?" त्या म्हणाल्या. मधे पोफळी हव्यात, माड हवेत, त्यांच्याही पलीकडे सुरू हवा. वारा ह्या सगळ्यांतून गाळून आला म्हणजे मग तो माणसांच्या कामाचा. समुद्र ऐकायचा. रात्री गाज कानावर आली की तो आहे हे कळतं, तेवढं पुरे. पिढ्यान् पिढ्या समुद्राशी संसार करणाऱ्यांची ही रीत आहे, आणि तिच्यात दुरावा मुळीच नाही. जुन्या जोडप्यांनाही एकमेकांकडे सारखं बघावं लागत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. ते जमिनीवर चढलं वरती रायगडात, श्रीवर्धनच्या बाजूला, पण मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी, कुणालाच त्याने सोडलं नाही. काका ती दुपार फार थोडक्यात सांगतात. वारा पडल्यावर त्यांनी मागचं दार उघडलं, तर समोर समुद्र. सगळा जन्म ह्या घरात गेला. पण मागच्या दारातून समुद्र दिसतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. मधे उभी राहायला एक पोफळ शिल्लक नव्हती. बारीक अंगाची, सरळसोट, एकमेकींच्या आधाराने वाढणारी झाडं ती. एक गेली की शेजारणीला घेऊन जाते. पूर्वी पाडेली एका पोफळीवर चढला की तिला झोका देऊन वरच्या वर दुसरी धरायचा, आणि सगळी वाडी जमिनीला पाय न लावता पुरी करून उतरायचा. आता आकाशात त्याला धरायला काही उरलं नव्हतं. वीज कित्येक आठवडे नव्हती. काका-काकू संध्याकाळी पडवीत बसून, इच्छा नसताना, सूर्यास्त बघत होते.

मग हळूहळू पाहुणे परत यायला लागले, आणि पाहुण्यांना घराच्या मागच्या खोलीतून जे दिसलं त्याने ते वेडावून गेले. काकांचा मुलगा व्यवहाराला चांगला आहे. त्याने दापोलीहून रंगारी आणला आणि गडग्यावरच्या 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' ह्या पाटीखाली 'सी-व्ह्यू रूम' अशी निळ्या अक्षरांत भर घातली. त्या खोलीचं भाडं वाढलं. वाडी गेल्याची भरपाई सरकारकडून जी मिळायची ती मिळाली असेल. उरलेली थोडीफार समुद्राने अशी हप्त्याहप्त्याने दिली. पण काकांनी तोवर नवी रोपं लावली होती. पोफळीला धरायला सहा-आठ वर्षं लागतात, आणि तेवढ्यात ती काही बसून राहत नाही, दर वर्षी वर येते. खोलीच्या खिडकीतून आधी सगळा समुद्र दिसायचा. मग वाळू दिसेनाशी झाली. मग लाटा गेल्या आणि नुसतं लांबचं पाणी राहिलं. गेल्या खेपेला पलंगावर बसून काहीच दिसत नव्हतं. उभं राहिलं तर झावळ्यांच्या वर निळी रेघ. बाप सकाळी आळी करून पाणी सोडतो आणि झाडांच्या अंगावरून मायेने हात फिरवतो. मुलगा ओटीवरून त्याच झाडांकडे, खंड थकवून वर पीक चांगलं आल्याचं सांगणाऱ्या कुळाकडे बघावं तसा बघतो. पाटीचं काय करायचं, ह्यावरून घरात दोन पक्ष आहेत. काका म्हणतात, अक्षरं पुसून टाक. मुलगा म्हणतो, उंच माणसाला अजून दिसतो.

मी फारशी उंच नाही. त्या खिडकीत टाचा उचलून उभी असताना माझ्या मनात आलं की ही पोफळ जरा सावकाश वाढली तर काय बिघडेल? शेजारीच काकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघा ना, दोन वर्षांत झाकून टाकील सगळं," आणि त्यांचा चेहरा समाधानाने फुलला होता. आम्ही दोघी एकाच झाडाकडे बघत होतो. ह्या गावात खरंच राहायचं झालं तर माझी इच्छा कधीतरी काकूंच्या बाजूला जाऊन बसायला हवी. ती केव्हा जाईल, हे नवऱ्याच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात घालायचं मला कळलेलं नाही.

तक्ता आहेच. नवऱ्याने नोकरीभर कारखान्यातल्या उत्पादनाची वेळापत्रकं आखली, त्यामुळे त्याचं स्वप्नसुद्धा रकाने पाडून येतं. एक तक्ता भरती-ओहोटीचा. पुण्यात तो पहाटे सहाला फिरायला बाहेर पडतो. लोक त्याच्यावर घड्याळ लावतात असं त्याला वाटतं. मुरूडला पुळणीवरून हर्णैच्या अंगाने चालायचं तर आधी समुद्राची सवड बघावी लागते, आणि ती रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते. काकांना असल्या तक्त्याची गरज नाही. तिथीची पाऊणपट करायची, ते म्हणाले. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती. म्हणजे दर अष्टमीला, शुद्ध असो की वद्य, माझ्या नवऱ्याची शिस्त पाण्याखाली जाणार. हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. ज्या माणसाने आयुष्यात कुणासाठी आपली सहाची वेळ बदलली नाही, त्याला चंद्राच्या हाताखाली नोकरी धरायची होती. रात्रीचं आणखी वेगळं. पुण्यात झोप यावी म्हणून तो फोनवर लाटांचा आवाज लावतो, मंद, एकसारखा. मुरूडला उधाणाच्या भरतीची खरी गाज सुरू झाली की कानांत बोळे घालतो. खऱ्या समुद्राला आवाज कमी करायचं बटण नाही, ही त्याची त्या गावाबद्दलची एकमेव लेखी तक्रार आहे.

दुसरा तक्ता जोखमींचा. त्यात पहिला मान गंजाचा. तिथे कात्री गंजते, टाचण्या गंजतात, पिशवीची चेन अडकून बसते, चष्म्याच्या दांडीतला मोहरीएवढा स्क्रूसुद्धा तांबूस होतो. काकूंचा फ्रीज लाकडी ठोकळ्यांवर उभा आहे, तरी त्याचे पाय खालून पापुद्रे टाकत झिजताहेत. विळीच्या पात्याला त्या रोज रात्री खोबरेल लावून ठेवतात. ते लावतानाचा त्यांचा हात बघण्यासारखा असतो: बोटाच्या टोकावर एकच थेंब, पात्याच्या वाकाबरोबर वर आणि खाली, जशी लहान मुलाची टाळू भरावी. मागच्या दाराला लोखंडी कडी नाहीच. लाकडी अडसर आहे, घराएवढाच जुना आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेला. गंजाखालोखाल विंचू. इथला लाल विंचू पूर्वी सरळ जीव घ्यायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या विषाचा हृदयावर काय परिणाम होतो ते रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं, 1982 साली ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढे त्यांनी प्राझोसिन नावाच्या औषधाने माणसं वाचवली. नवऱ्याने हे सगळं वाचून काढलं, आणि जोखमीच्या रकान्यातला विंचू अभिमानाच्या रकान्यात हलवला. असा रकाना त्याच्या तक्त्यात आधी नव्हता.

जमिनीचं प्रकरण मी लवकर आटोपते, कारण ते आम्ही लवकर आटोपलं. एका मध्यस्थाने 'सी-टच' जागा दाखवली. पैकी सी कुठे आहे हे टेकाडावर चढल्यावर कळलं आणि टच काही सापडला नाही. खरोखर समुद्राला लागून असेल तिथे किनारा नियमनाच्या रेषा आड येतात. मागे सरावं तर जमीन शेतीची निघते, आणि शेतजमीन घ्यायला आपण आधी शेतकरी असावं लागतं. आमच्या घराण्यात शेवटचे शेतकरी म्हणजे तेच, पडशी घेऊन घाट चढलेले. सातबाऱ्यावरची नावं वाचायला नवऱ्याला चष्मा पुसून घ्यावा लागला. त्यांतली काही माणसं बोरिवलीला, काही अमेरिकेत, काही त्याहून लांब गेलेली, आणि कागदावर मात्र सगळी एकत्र कुटुंबात सुखाने नांदत होती.

मला खरी अडचण दिसत होती ती निराळीच. "इथे राहायला आल्यावर," मी विचारलं, "सुट्टीला कुठे जायचं?" नवऱ्याने समुद्राकडे पाहिलं. हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नव्हता. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "पुण्याला जाऊ की. दोन-चार दिवस. लक्ष्मी रोडला हिंडू, मिसळ खाऊ, एखादं नाटक बघू." हे बोलताना त्याचे डोळे असे लुकलुकायला लागले, जसे पुण्यात मुरूडचं नाव काढल्यावर लुकलुकतात.

शेवटी मीच तोडगा काढला. मे महिन्यातल्या मुरूडशी कोणीही लग्न करील. आधी एक पावसाळा काढून बघावा. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात सातशेच्या घरात पडतो आणि तेवढ्यात आमच्या रस्त्यांची दैना होते. काका ओटीवर सुपारी निवडत बसले होते. "पावसात?" त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "पावसात काय आहे इथे?" ते एकेक सांगत गेले. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यामुळे हर्णैचा लिलाव बंद. पाहुणे बंद, म्हणून खोल्या बंद. वीज येऊन-जाऊन, फोन त्याहून बेताचा. पुस्तकांना पांढरी बुरशी, चपलांना हिरवी. चार-चार दिवस ऊन नाही, आणि पागोळ्या अशा लागतात की ओटीवर बसून अंगणातल्याशी बोलायला ओरडावं लागतं. नवरा टिपून घेत होता. आणि मग काका अचानक थांबले. त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं होतं.

"बंद खोल्यांचाच त्रास होतो हो," ते म्हणाले. "माणूस आत वावरलं की बुरशी धरत नाही. तुम्ही खरंच राहणार असाल तर भाडंबिडं नको. सकाळी दारं-खिडक्या उघडायच्या, संध्याकाळी लावायच्या, पाऊस तिरका आला तर पुसून घ्यायचं." मुलगा फोनमध्ये तारखा बघू लागला. गणपतीत मुंबईची सगळी भावंडं येतात, तेव्हा आम्हांला माळ्यावर झोपावं लागेल. दिवाळीचे आठ दिवस बुकिंग आहे, तेव्हा घर सोडावं लागेल. नाताळ ते 1 जानेवारी तर बोलूच नका. मग पुन्हा शनिवार-रविवार सोडून कधीही. अशा रीतीने आमच्या कायमच्या वास्तव्याची रूपरेषा ठरली. नवऱ्याने ती ताबडतोब तक्त्यात घातली. रिकामे राहिलेले चौकोन त्याने पिवळे रंगवले आणि त्यांत 'पुणे' लिहिलं.

काकू इतका वेळ फणसाच्या आठळ्या सोलत गप्प बसल्या होत्या. "म्हणजे तुमचं पुण्यातलं घर पावसात रिकामं," त्या म्हणाल्या.

"हो, कुलूप."

"आम्हीही पावसातच मोकळे असतो." त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. "महिनाभर आम्ही तिकडे जाऊन राहिलो तर? तुमच्याही खोल्या उघड्या राहतील. कुठल्या मजल्यावर आहे?"

"तिसऱ्या," मी म्हटलं. "लिफ्ट आहे."

"आणि खिडकीतून काय दिसतं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. "विशेष काही नाही हो," तो ओशाळून म्हणाला. "पार्किंग. आणि समोरच्या सोसायटीचं गेट."

"माणसं जात-येत असतील ना तिथून?"

"असतात की. सकाळी साडेआठला गाड्या काढायच्या वेळी तर चांगली भांडणं असतात."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या. आठळ्यांचं ताट बाजूला सारून त्या उठल्या आणि पुण्याची एसटी दापोलीहून किती वाजता सुटते ते विचारायला समोरच्या घरी गेल्या.